वडिलांना काय झाले होते?

दवाखान्यात नवा पेशंट आला की मी एक प्रश्न हमखास विचारतो, "वडिलांना काय आजार होता? भावांपैकी कुणाला बी.पी., शुगर?" बरेच पुरुष इथे गोंधळतात. आईचे गुडघे, मोतीबिंदू सगळे पाठ असते. वडिलांबद्दल मात्र उत्तर येते, "काही नव्हतं हो, ठणठणीत होते. एके दिवशी छातीत गॅस झाला आणि गेले."

वाचकहो, छातीत गॅस होऊन माणूस असा तडकाफडकी जात नाही. तो बहुधा हृदयविकाराचा झटका असतो. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला ५५ वर्षांच्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तुम्हालाही धोका जास्त. म्हणून तो प्रश्न.

पण वडील-भावांकडून आपल्याकडे फक्त रक्त येत नाही. तंबाखूची चिमूट येते, ताटातले जास्तीचे मीठ येते, राग येतो. आणि "पुरुषाने कण्हायचे नाही" हा धडाही येतो. माझ्या मते तोच सर्वांत महाग पडतो.

आपल्या भागात हे रोज दिसते. बदलापूरचा बाप पहाटेची लोकल पकडतो तेव्हा मूल झोपलेले असते, रात्री परततो तेव्हाही झोपलेलेच. उल्हासनगरात उलटी तऱ्हा. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या या गावात बाप आणि भाऊ एकाच गल्ल्यामागे बारा-बारा तास बसतात. बोलणे होते ते मालाचे आणि उधारीचे. दुखण्याचे नाही.

भावांचा विषय निघाला की मला बाबासाहेब आठवतात. सुभेदार रामजी पेन्शनीत निघालेले, परळच्या चाळीत एक खोली. मुलाला लवकर झोपवून ते रात्री दोनला अभ्यासाला उठवत. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलीकडे हात पसरत. थोरले आनंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी वारले आणि त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला गेला. रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ सालचा ग्रंथ बाबासाहेबांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. वडिलांचे कष्ट लोकांना ठाऊक आहेत. पण आनंदरावांचे नाव किती जणांना आठवते?

हे विचारण्याचा मला फारसा अधिकार नाही. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला होते. ५१ व्या वर्षी 'गॅस होऊन' गेले. दादाने कॉलेज सोडले आणि नोकरी धरली. माझी एम.बी.बी.एस.ची फी, पुस्तके, होस्टेलचे पैसे त्याच्या ओव्हरटाइममधून आले. पुढे आई गेल्यावर चाळीतली खोली विकण्यावरून आमचे वाजले. चार वर्षे बोलणे बंद. घरे रिक्षाने दहा मिनिटांच्या अंतरावर!

आठ वर्षांपूर्वी एका रात्री वहिनींचा फोन आला. दादाला झटका आला होता. वय ५४. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारले, "डॉक्टर, यांना शुगर कधीपासून?" मला उत्तर देता आले नाही. वहिनी म्हणाल्या, "तीन वर्षं झाली." मी म्हटले, "मला कळवलं का नाही?" त्या शांतपणे म्हणाल्या, "भावजी, तुम्ही विचारलंत कुठे?"

रोज परक्यांना विचारला जाणारा प्रश्न मी घरातच विचारला नव्हता. दादा वाचला. माझी तपासणी केली तर बी.पी. वाढलेले निघाले. एवढे दिवस मी स्वतःचेही मोजले नव्हते. आता महिन्यातून एकदा आम्ही दोघे एकमेकांचे बी.पी. घेतो. खोलीचा विषय अजून मिटलेला नाही, पण त्यासाठी चहा थांबत नाही.

तेव्हा या रविवारी एवढेच करा. वडील असतील तर जवळ बसून त्यांची औषधे पाहा, कशासाठी आहेत ते विचारा. नसतील तर आईला, काकांना, आत्याला विचारा की वडील नेमके कशाने गेले, त्या वेळी वय काय होते. ते वहीत लिहून ठेवा. घरात असा इतिहास असेल तर तिशीनंतरच बी.पी., शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. तंबाखू-सिगारेट आजच बंद.

आणि भावाशी बोलणे बंद असेल तर निदान त्याची शुगर किती आहे, हे विचारायला फोन करा. वाद कोर्टात चालतो तर चालू द्या. छातीतली कळ तारीख देत नाही.