दहा वर्षांनी आलेला आवाज

माकणीच्या धरणावर परवा संध्याकाळी कानात डेव्हिड बोवी लावून बसलो, तो तेरणेचं पाणी अंधारात दिसेनासं होईपर्यंत उठलोच नाही. 2004 च्या युरोप दौऱ्यात या रॉक गायकाच्या हृदयाची धमनी तुंबली, शस्त्रक्रिया झाली आणि पुढे तो जवळजवळ गप्पच झाला. आता हा संपला, असंच लोकांनी धरलं होतं. 8 जानेवारी 2013 ला, सहासष्टाव्या वाढदिवशी, कसलाही गाजावाजा न करता नवं गाणं आलं आणि मार्चमध्ये अख्खा अल्बम, ‘द नेक्स्ट डे’. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याचं काम दोन वर्षं चाललं होतं, बाहेर मात्र कुणकुण नाही! मुखपृष्ठावर त्याच्याच 1977 च्या ‘हीरोज’ अल्बमचा फोटो, पण चेहऱ्यावर पांढरा चौकोन. जुन्या पुण्याईवर जगणार नाही, हे यापेक्षा स्वच्छ कसं सांगायचं? आपले कुमार गंधर्वही क्षयातून उठले, एका फुप्फुसावर गायले आणि गायले ते नवंच. बोवीच्या त्या पहिल्या गाण्यात आवाज थकलेला आहे, थरथरतो, आणि त्यानं तो लपवलेला नाही. मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. अल्बम तुकड्यातुकड्यानं नको, एका बैठकीत ऐका.