काठी कुठल्या हातात?

दिवाळीच्या सुटीत कडोदऱ्याला मामांकडे गेलो होतो. सुरत-बारडोली रस्त्यावरचे हे गाव, भोवताली कापडाचे कारखाने. मामांची तीस वर्षे मागापुढे उभे राहण्यात गेली. आता उजवा खुबा दुखतो. कळ येते जांघेत, आणि आमच्या गोकाकच्या मामी ‘सोंट नोवु’ म्हणत तेल चोळतात कमरेला! उजव्या हातात काठी धरून मामा जेमतेम न्हाणीपर्यंत जात. “सांधा झिजलाय. जेवढा कमी वापरू तेवढा टिकेल,” हा त्यांचा हिशेब.

त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. शाळेत आपण याला उखळीचा सांधा म्हणतो. उखळीत गोळा चपखल बसत असेल, अशी माझी समजूत होती. डॉक्टर म्हणाले, “निरोगी सांध्यातही तसे नसते. भार हलका असताना गोळा उखळीच्या बाजूंना टेकतो, वर किंचित फट राहते. वजन पडले की कूर्चा दबते, फट मिटते आणि घोड्याच्या नालासारख्या त्या पृष्ठभागावर भार पसरतो.” म्हणजे भार पडल्यावरच दोघांचे नीट जमते! शिवाय कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाबणे-सुटणे चालू राहिले, तरच सांध्यातल्या रसातून तिला पोषण मिळते. नुसते बसून राहणे म्हणजे तिला उपास घडवणे.

मग भार किती? बर्लिनच्या गेओर्ग बर्गमान आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम खुब्यातच मापक बसवून २००१ साली आकडे प्रसिद्ध केले. साधे चालताना वजनाच्या सुमारे २.४ पट! मामा साठ किलोचे, म्हणजे जवळजवळ १४५ किलो. कारण एका पायावर आलो की शरीराचे वजन सांध्याच्या आतल्या बाजूला लांबवर पडते आणि बाहेरच्या बाजूचे स्नायू ते जवळून तोलून धरतात. तराजूची दांडी एकीकडे आखूड असली, तर तिकडे जोर जास्त लागणारच. वजन आणि ही ओढ, दोन्ही सांध्यावर येतात.

म्हणून काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. तिथला थोडासा आधारही स्नायूंची बरीच ओढ वाचवतो. झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही, पण चालणे सुसह्य होते.

दुसऱ्या दिवशी मामा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. सवयीने काठी उजव्या हातात गेली, की दारातून मामींची हाक येई, “एडगै, एडगै!”