बर्फावरची मिळकत आणि एक कुलमुखत्यारपत्र

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी 2014 सालच्या ऑक्टोबर महिन्यात दिवाळखोरीचा एक अर्ज दाखल झाला. अर्जदार कोणी बुडालेला दुकानदार नव्हता. जॅक जॉन्सन हा त्या शहराच्या ब्लू जॅकेट्स संघाचा सत्तावीस वर्षांचा बचावपटू, आइस हॉकीतील नावाजलेला खेळाडू. 2011 च्या आरंभी त्याने सात वर्षांसाठी 3 कोटी 5 लाख डॉलरचा करार केला होता. अर्जात मात्र मालमत्ता 50 हजार डॉलरहून कमी आणि देणी 1 कोटी डॉलरहून अधिक अशी नोंद होती.

या व्यवसायाची रीत ठाऊक असल्याखेरीज हे गणित उमगत नाही. त्या देशात हॉकीपटू होऊ पाहणारे मूल चार-पाच वर्षांचे असतानाच बर्फावर उतरते. पात्यांचे बूट, शिरस्त्राण, मैदानाचे भाडे, पहाटेचे सराव, सुटीच्या दिवशी दूरगावचे सामने, हा सारा भार आईवडील वाहतात. अठराव्या वर्षाच्या सुमारास ‘ड्राफ्ट’ होतो. त्यात खेळाडू संघ निवडत नाही, संघ खेळाडू निवडतो. तरुण खेळाडूचा पहिला करार बहुधा तीन वर्षांचा आणि त्यातील पगाराला कमाल मर्यादा असते. खरा पैसा त्यानंतरच्या करारात येतो. आणि पस्तिशी गाठेपर्यंत बहुतेकांचा खेळ आटोपलेला असतो. इतर माणूस जन्मभरात जे मिळवतो ते येथे मोजक्या वर्षांत मिळवायचे आणि उरलेल्या आयुष्यासाठी राखायचे असते.

जॉन्सन या वाटेवरून उत्तम रीतीने चालला. 2005 च्या ड्राफ्टमध्ये कॅरोलायना संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. त्याने मात्र मिशिगन विद्यापीठातच आणखी एक वर्ष राहणे पसंत केले, तेव्हा संघाने त्याचे हक्क लॉस एंजेलिस किंग्जला दिले. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात तो होता. ठेच लागली ती बर्फाबाहेर.

2008 च्या सुमारास त्याने आपल्या व्यावसायिक प्रतिनिधीला दूर करून पैशांचा सर्व कारभार आईच्या हाती सोपवला आणि कुलमुखत्यारपत्रावर सही केली. ज्यांनी पहाटे उठून मैदानावर नेले, त्यांच्यापुढे कागद नीट वाचून घेण्याचे त्या वयातील किती मुलांना सुचेल? विशेष मुखत्यारपत्र एका कामापुरते असते. कुलमुखत्यारपत्राने मात्र सही करणाऱ्याच्या नावावर कर्ज काढण्याचा अधिकारही दिला जाऊ शकतो. पुढे वृत्तपत्रांत आले त्यानुसार, आईवडिलांनी मुलाच्या भावी पगाराच्या आधारावर एकामागून एक चढ्या व्याजाची कर्जे उचलली. आधीचे फेडण्यासाठी नवे, असे ते चक्र होते.

येथे धनकोंचाही विचार करावा लागतो. अजून न मिळालेला पगार तारण धरून भरमसाट व्याजाने पैसे देणारा ऋणकोची ऐपत पाहतच नाही, तो करारावरील आकडा पाहतो. ज्याच्या घामावर ही उसनवारी चालली होती, त्याच्याशी समोर बसून दोन शब्द बोलण्याची तसदी कोणी घेतली असती, तर बराच अनर्थ टळता.

अर्ज दिवाळखोरी कायद्याच्या 11 व्या प्रकरणाखाली होता. त्यात ऋणको आपले काम चालू ठेवतो आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली फेडीची योजना ठरते. त्यामुळे जॉन्सन रोज मैदानात उतरत राहिला आणि पगाराचा मोठा हिस्सा धनकोंकडे जात राहिला. आईवडिलांशी संबंध तुटल्याचेही त्या वेळी छापून आले. त्या तुटीची नोंद कोणत्या खात्यावर करणार?

दैवाचा खेळ असा, की किंग्जने 2012 च्या फेब्रुवारीत त्याला कोलंबसला पाठवले आणि त्याच जूनमध्ये त्यांनी स्टॅन्ली चषक जिंकला. 2018 मध्ये पिट्सबर्गने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला, पण दोन वर्षांनी तो मोडीत काढला. अशा वेळी नियमानुसार उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग मिळतो, तोही उरलेल्या मुदतीच्या दुप्पट काळात. न्यूयॉर्कमध्ये एक वर्ष काढून 2021 मध्ये तो कोलोरॅडोच्या सराव शिबिरात गेला, तेव्हा हाती करारही नव्हता. अठराव्या वर्षी ज्याच्यासाठी संघ रांगेत होते, तो चौतिसाव्या वर्षी उमेदवार म्हणून उभा राहिला. निवड झाली, साडेसात लाख डॉलरचा एका वर्षाचा करार मिळाला आणि 2022 च्या जूनमध्ये कोलोरॅडोने टँपा बेला हरवून स्टॅन्ली चषक उचलला, त्या संघात तो होता.

कारकिर्दीत एक हजाराहून अधिक सामने खेळलेल्या या बचावपटूला 2024 साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, आणखी एका वर्षाचा करार मिळाला. तो देणारा संघ होता कोलंबस ब्लू जॅकेट्स.