पुडीत पाऊस मावत नाही



पेरणी तोंडावर आली की हलक्या जमिनीत पाणी धरून ठेवणारी भुकटी गावोगाव विकायला येते. बियाणे उधारीवर, खत उधारीवर, त्यात आणखी ही पुडी. घ्यायची की नाही ते जाहिरात पाहून ठरवू नका. हिशेब मांडा.

एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा हायड्रोजेल आपल्या वजनाच्या साडेतीनशे पटींहून जास्त शुद्ध पाणी शोषते. शिफारस एकरी १ ते २ किलोची. २ किलो आणि ४०० पट धरले तरी झाले ८०० लिटर. म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा! फुलोऱ्यातली कपाशी दिवसाला चार-पाच मिलिमीटर पिते. पाण्यात क्षार असले तर शोषण आणखी घटते.

मग संशोधन खोटे काय? मुळीच नाही. बियाण्याच्या ओळीत, मुळाशी पडले तर उगवणीच्या दिवसांत ओल टिकायला मदत होते. पाऊस आला की कण पुन्हा भरतात. पण रानभर फोकून दिले तर पैसा मातीत गेला. महिनाभराचा खंड या पुडीवर निघेल असे जो सांगतो, तो फसवतो. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तसल्या उघडिपीत ८०० लिटर कुठे पुरणार?

खंड निभावते ती माती. वाळूसर जमीन मीटरभर खोलीत पिकाच्या कामाचे साधारण ६० मिलिमीटर पाणी धरते, भारी जमीन २०० च्या आसपास. हा फरक चिकणकणांचा. ते कण आपल्याच रानातून वाहून तलावात बसले आहेत. एकरावर इंचभर थर द्यायचा तर सुमारे १०० घनमीटर, म्हणजे ३५ ब्रास गाळ लागतो. खर्च मोठा आहे, पण गाळ एका हंगामात संपत नाही. आधी क्षार तपासून घ्या, ढेकळे उन्हात फुटू द्या, मग वखराने मिसळा. जोडीला शेणखत द्या. पऱ्हाटी पेटवू नका. बारीक करून खड्ड्यात कुजवा, म्हणजे बोंडअळीचाही आसरा मोडेल.

राज्यात २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. गाळ फुकट, वाहतूक मात्र शेतकऱ्याच्या खर्चाने! पुढे लहान शेतकऱ्यांना अनुदान ठरले. पण गाळ निघाला की धरणाची साठवण वाढते, ती सगळ्यांसाठी. मग वाहतुकीचा बोजा कोरडवाहू शेतकऱ्याने एकट्याने का उचलावा? ही मागणी बैठकीत मांडा.

आणि पुडी घ्यायचीच असेल तर पक्की पावती घ्या, चार तासांत वापरा, शेजारचे चार तास तसेच सोडा. खंडानंतर दोन्हीकडची बोंडे मोजा. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा आपल्या रानाची साक्ष खरी.