चेतकला नवा फिल्टर? जेटही पाहा

१९७२ साली बाजारात आलेली पेट्रोलवरची बजाज चेतक जपणारी घरे आजही आहेत. (२०२० पासून विकली जाणारी चेतक विजेवर चालते, हा मजकूर तिच्यासाठी नाही.) मूळ एअर फिल्टर काढून बाजारातला ‘मोकळा’ फिल्टर लावला की गाडी पळते, असा अनेकांचा समज असतो. बऱ्याचदा वाढतो तो आवाजच.

नवा फिल्टर हवा जास्त सोडतो, पण कार्ब्युरेटरचा मेन जेट पेट्रोल पूर्वीच्याच बेताने देतो. या दोन स्ट्रोकच्या इंजिनात ऑइलही पेट्रोलमधूनच पोचते. पेट्रोल कमी पडले की इंजिन जादा तापते, वंगण अपुरे पडते, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक जाम होते. मागे बायको-मुले बसलेली असतात! इंजिन आवळल्यासारखे वाटताच क्लच दाबावा.

म्हणून फिल्टरबरोबर मोठ्या आकड्याचा जेट घ्यावा. सुरुवात जरा मोठ्यानेच करून हळूहळू खाली यावे. जुन्या जेटचे छिद्र सुईने मोठे करू देऊ नये. मोकळ्या रस्त्यावर तीन-चार किलोमीटर वेगात गेल्यावर क्लच दाबून इंजिन बंद करावे, गार झाल्यावर प्लग पाहावा. तपकिरी असेल तर ठीक. काळा, ओला असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा असेल तर त्या जेटवर गाडी पुढे नेऊ नये.

जबलपूरच्या रिछाईसारख्या औद्योगिक वसाहतीत रोज मालट्रकांमागून जाणाऱ्यांनी मात्र मूळ फिल्टरच साफ करून वापरावा. विरळ जाळीतून शिरलेली धूळ सिलिंडर घासते. तिथे जेट बदलून काही होत नाही.