शिकवणीला साल विचारा



माझ्या स्नानसंस्काराला माझी आईच हजर नव्हती. 1958 साल, वसईकडचं आमचं गाव. बाळाला आठवड्याच्या आत चर्चमध्ये न्यायचं आणि बाळंतिणीनं मात्र चाळीस दिवस घरात राहायचं, अशी रीत. मला घेऊन गेली माझी आत्या. चाळीस दिवस भरल्यावर आई पेटती मेणबत्ती घेऊन चर्चच्या दाराशी उभी राहिली, फादरांनी प्रार्थना म्हटली आणि तिला आत घेतलं. पुस्तकात ती आभाराची प्रार्थना होती. पण बायका म्हणायच्या, ‘‘शुद्ध करून घेतलं.’’ शेजारच्या हिंदू घरातलं सोयर आणि आपलं हे, यात आईला काही फरक वाटत नसे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) तो विधी मागे पडला. माझ्या मुलीच्या स्नानसंस्काराला मी वेदीपुढे उभी होते. चांगलंच झालं. पण आधीच्या आयांना दाराशी का उभं केलं होतं, हे कुणी सांगितलं नाही.

हे सगळं आठवलं ते परवाच्या एका बैठकीमुळे. पॅरिशमधल्या आम्ही बायका जमलो होतो. मी विचारलं, बाईला धर्मगुरू का होता येत नाही? फादर भले आहेत, रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘मावशी, रीतिरिवाज बदलतील. पण ही शिकवण आहे, आणि शिकवण बदलत नसते.’’

घरी आले ती हेच घोळवत. खरंच बदलत नसते?

मिस्सेत आपण उभ्या राहून जो विश्वासांगीकार म्हणतो, त्यालाच साल आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या नायसिया गावी 325 मध्ये बिशपांची परिषद भरली. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की नाही, यावर कडाक्याचा वाद झाला. ‘एकतत्त्व’ यासाठी जो ग्रीक शब्द त्यांनी निवडला, तो बायबलमध्ये नाही. तरी तो घेतला, कारण नव्या प्रश्नाला नवा शब्द लागत होता. पुढे 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला त्यात भर पडली. 451 मध्ये कॅल्सिडॉनला ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी स्वभावांबद्दलची व्याख्या ठरली. या परिषदांत मत द्यायला एकही बाई नव्हती, हे जाता जाता लक्षात ठेवू या.

शिकवण वाढते, हे म्हणणारी मी पहिली नव्हे. इंग्लंडच्या जॉन हेन्री न्यूमननी 1845 मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. ते पुढे कार्डिनल झाले आणि 2019 मध्ये संत.

नुसती वाढतच नाही, काही ठिकाणी उलटतेही. 1179 च्या लॅटरन परिषदेनं ठरवलं होतं, की उघड व्याजबट्टा करणाऱ्याला ख्रिस्ती दफनसुद्धा मिळू नये. आज आमच्या वसईत कॅथलिक नावाचीच बँक आहे आणि ती रीतसर व्याज देते-घेते. 1452 मध्ये पोपनी पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांना कायमचं गुलाम करण्याची मुभा दिली. 1888 मध्ये दुसऱ्या पोपनी ब्राझीलच्या बिशपांना पत्र लिहून गुलामगिरीचा निषेध केला. देहान्त शिक्षा शतकानुशतकं मान्य होती. 2018 पासून धर्मशिक्षणाचं अधिकृत पुस्तक ती अमान्य म्हणतं.

आणि आपली मग्दालिया मरिया! पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा शिष्यांना सांगणारी ही बाई. 591 च्या सुमारास पोप ग्रेगरींनी प्रवचनात तिला शुभवर्तमानातल्या दुसऱ्याच एका बिननावाच्या पापी स्त्रीशी जोडून टाकलं. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ती चौदाशे वर्षं पतिता म्हणून राहिली. 1969 मध्ये ही गल्लत पूजाविधीतून काढली. 2016 मध्ये तिचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा झाला. एका बाईचं नाव साफ व्हायला एवढा वेळ!

आता माझ्या प्रश्नाकडे येते. बाई वेदीवर नको, याची कारणं काय दिली गेली? तेराव्या शतकात थोर पंडित थॉमस अक्वायनस अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगत होते, की बाई स्वभावतःच पुरुषाच्या अधीन, म्हणून तो अधिकार तिच्या ठायी शोभत नाही. आज हे कुठलाही धर्मगुरू उघड बोलणार नाही. मग 1976 मध्ये व्हॅटिकननं वेगळं सांगितलं: येशूनं बारा प्रेषित पुरुषच निवडले, आणि वेदीवर ख्रिस्ताच्या जागी उभा राहणारा पुरुषच हवा. अहो, ते बारा जण यहुदीही होते. ती अट कुणी घालत नाही! 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले, हे बदलण्याचा अधिकारच चर्चला नाही. त्याच वर्षी मुलींना वेदीसेवक होण्याची परवानगी मात्र मिळाली.

मला खटकतं ते हेच. व्याजाच्या, गुलामगिरीच्या बाबतीत कारण पडलं तेव्हा नियमही पडला. बाईच्या बाबतीत कारण पडलं की नवं कारण येतं, नियम तिथेच राहतो. मग आधी काय ठरलं होतं, कारण की नियम?

हा प्रश्न विचारणारी पहिली मराठी बाई मी नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. ते अँग्लिकन चर्च. तिथल्या सिस्टरांशी त्यांनी त्रैक्यावरून पत्रांतून उघड वाद घातला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी श्रद्धा सोडली नाही आणि प्रश्नही सोडले नाहीत. उलट, उतारवयात मूळ हिब्रू-ग्रीकवरून स्वतः बायबल मराठीत आणलं. त्याच अँग्लिकन परंपरेत 2025 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मलाली या बाईंची नेमणूक जाहीर झाली. आभाळ कोसळलं नाही.

मीही चर्च सोडणार नाही. ते माझंही आहे. पण ‘हे असंच आहे, बदलत नाही’ असं कुणी म्हटलं, की तीन गोष्टी विचारायचं मी ठरवलं आहे: हे कोणत्या साली ठरलं, कुणी ठरवलं आणि तेव्हा बाई कुठे होती? तुमच्या देवळात, मशिदीत, विहारात, घरातही विचारून पाहा.

तिसऱ्याचं उत्तर मला ठाऊक आहे. ती दाराशी उभी होती, मेणबत्ती घेऊन.