भावाच्या वहीत आपली मजुरी कुठे?

नेसरी म्हटले की बाहेरगावच्यांना १६७४ साल आणि प्रतापराव गुजर आठवतात. आम्हां बायकांचा रोजचा संबंध मात्र काजूशी. आजरा, चंदगड आणि गडहिंग्लजचा आमचा हा कोपरा, सगळीकडे काजू प्रक्रियेचे छोटेमोठे कारखाने आहेत. बी फोडायला, साल काढायला, प्रतवारी करायला बसतात त्या मुख्यतः बायकाच. टरफलातले तेल हाताला पोळते, म्हणून राख किंवा तेल चोळून बसायचे.

गेल्या बैठकीत सोलणीचा दर उतरल्याची तक्रार आली. मालकाने कारण सांगितले, "डॉलर पडला." मागच्या खेपेचे कारण होते, "डॉलर चढला." एक बाई म्हणाली, "ताई, त्यो चढू दे न्हाईतर पडू दे, आमचंच का उतरतंय?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाचे उत्तर हिशेब मांडूनच शोधायला हवे. देशातले बी कारखान्यांना पुरत नाही म्हणून आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया अशा देशांतून बी आणले जाते. त्याचा भाव डॉलरमध्ये टनावर ठरतो. त्यावर जहाजाचे भाडे, विमा आणि आयात शुल्क. (हे शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ टक्क्यांवरून अडीच टक्के झाले. गर परत निर्यात करणाऱ्याला तेही माफ करून घेण्याची सोय आहे.) मग बँकेचे व्याज. तिकडे गराचा भाव पौंडावर, म्हणजे ४५४ ग्रॅमवर. ३२० नंबरचा गर म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० नग. नंबर जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. पाकळी आणि तुकडा झाला की भाव खाली. म्हणजे अख्खा गर काढणारी बोटे हीच भावातली खरी भर.

आता एक उदाहरण घेऊ, आकडे समजुतीपुरते. बी दारात १४० रुपये किलोने पडले. साधारण चार किलो बियांतून एक किलो गर निघतो, म्हणजे ५६० झाले. फोडणी, सोलणी, निवड मिळून मजुरी ६०. जळण, वीज, डबे, व्याज, नफा मिळून ८०. विक्री ७०० ने. परदेशातला गिऱ्हाईक म्हणाला, पाच टक्के उतरा. ३५ रुपये कुठून काढायचे? बी आधीच घेतलेले, व्याज ठरलेले, वीज मंडळ ऐकत नाही. उरते काय, तर नफा आणि ते ६०. नफ्याला हात कोण लावतो?

आणि डॉलरची सबब. जो बी डॉलरमध्ये घेतो आणि गरही डॉलरमध्ये विकतो, त्याचा एका बाजूचा तोटा दुसऱ्या बाजूला बराचसा भरून निघतो. खरेदी आणि विक्रीच्या मधल्या काळात तो अडकू शकतो, हे मान्य. पण चढतानाही आणि पडतानाही मजुरीच कापायची, हा कुठला व्यापार? शिवाय आपला बराच गर देशातच खपतो. तिथे गिऱ्हाईक रुपये मोजतो.

दर मागितला की "यंत्र आणू" ही धमकी ठरलेली. ती अगदी पोकळ नाही. यंत्रे लावून व्हिएतनाम २००६ मध्ये गराच्या निर्यातीत आपल्या पुढे गेला. केरळात कोल्लमच्या बायकांनी संघटनेच्या जोरावर फोडणी-सोलणीचे दर सरकारकडून किलोवर ठरवून घेतले, तरी तिथेही अनेक कारखाने बंद पडले. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण तुकड्यावर काम करणारीलाही दिवसाचे किमान वेतन मिळालेच पाहिजे, हे १९४८ च्या कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. तेव्हा दराची बोलणी करताना मालकाकडे खर्चाचा तक्ता मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोट्यात भागीदार करता, तर वही दाखवा.

मालकाला नावे ठेवताना मला आमचाच बचत गट आठवतो. एका बाईच्या दुबईतल्या भाचीने तिथल्या मैत्रिणींना विकायला २० किलो गर मागवला. आम्ही कागद घेऊन बसलो. बी, जळण, पिशव्या, कोल्हापूरपर्यंतचे एसटी भाडे, कुरिअर, सगळे लिहिले. तिथल्या दुकानातला भाव भाचीने कळवला होता. त्यापेक्षा थोडा कमी धरला आणि सगळ्या खूश झाल्या. आठ दिवस बसून बी फोडले त्या हातांचे पैसे कुणीच लिहिले नव्हते, मीसुद्धा नाही. विचारले तर उत्तर आले, "घरचंच काम की ते." आमच्या कष्टांची किंमत त्या कागदावर शून्य होती, आणि ती आम्हीच लावली होती.

पुढच्या खेपेला वहीत पहिली ओळ मजुरीची लिहायची, बी त्याच्या खाली, असे आम्ही ठरवले आहे. रक्कम किती धरायची यावर अजून भांडण चालू आहे. दोघी म्हणतात, कारखान्याइतकी. बाकीच्या म्हणतात, तेवढी धरली तर भाची माल घेणार नाही. तिला अजून कुणी विचारलेले नाही.